उत्तरचित्रपट आणि प्रेक्षकमत

पूर्वभागाची स्मृती हीच उत्तरचित्रपटाची पहिली परीक्षक असते. शंकर यांनी दिग्दर्शित केलेला तमिळ विज्ञानपट 'एंदिरन' (२०१०) आणि त्याचा उत्तरभाग '२.०' (२०१८) यांच्या संदर्भात हे विधान तपासून पाहता येते. दोहोंचे नायक रजनीकांत, म्हणजे बंगळुरूतील मराठी कुटुंबात १९५० साली जन्मलेले आणि त्याच नगरीत बसवाहकाची नोकरी केलेले शिवाजीराव गायकवाड. तेथील मराठी प्रेक्षकाच्या मतात आपलेपणाचा अंश मिसळला, तर ते स्वाभाविकच होय.

'२.०'विषयी दोन मते वारंवार व्यक्त झाली : त्रिमितीय दृश्ययोजना विलोभनीय आहे, कथा मात्र कृश आहे. दुसऱ्या मताचे कारण अधिक खोल आहे. पूर्वभागात चिट्टी या यंत्रमानवाला भावना प्राप्त होतात आणि त्यांतूनच प्रेम व विनाश ही दोन्ही उद्भवतात. उत्तरभागात भावनेचे हे केंद्र प्रतिनायकाकडे सरकते. भ्रमणध्वनीच्या लहरींनी पक्षी मरतात या धारणेने व्यथित होऊन पक्षिशास्त्रज्ञ पक्षिराजन आत्महत्या करतो व सूडरूपाने परततो. ही धारणा विज्ञानाने सिद्ध केलेली नाही. भ्रमणध्वनी कंपन्यांच्या संघटनेने प्रदर्शनापूर्वीच तिला हरकत घेतली होती. परंतु कल्पितात तिचे शास्त्रीय प्रामाण्य गौण ठरते, व्यथेचे प्रामाण्य मुख्य ठरते.

करुणेचा धनी प्रतिनायक झाला, की नायकाचा विजय प्रेक्षकाला निःशंकपणे साजरा करता येत नाही. तेव्हा 'कथा कृश' या तक्रारीचा खरा अर्थ 'सहानुभूती विभागली गेली' असा घ्यावा लागेल. प्रेक्षकाचा असंतोष यथार्थ असतो. त्याने सांगितलेले कारण मात्र समीक्षकाने तपासून घ्यावे.