मुलांसह पुण्यास यावयाचे तर कोठे उतरावे?

दरवर्षी जून महिना उजाडला की आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. कोणाचा भाचा बारावीनंतर प्रवेशासाठी साताऱ्याहून यावयाचा असतो, कोणाच्या पुतणीची प्रवेशपरीक्षा असते, तर वसतिगृहातील एखाद्या मुलाचे आईवडील त्यास पोहोचविण्यास सोलापुराहून निघालेले असतात. मग विचारणा होते, "सर, दोन रात्री काढावयाच्या आहेत. खोली फार महाग नको आणि वस्तीही चांगली हवी. कोठे उतरावे?"

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते, हे मी स्वानुभवाने शिकलो आहे.

सन १९९६ मध्ये माझे वडील मला नगर जिल्ह्यातील आमच्या गावाहून पुण्यास अकरावीच्या प्रवेशासाठी घेऊन आले. वडिलांनी पुणे पूर्वी एकदाच पाहिले होते. गावातील कोणी सांगितले की अमक्या ठिकाणी खोली सर्वांत स्वस्त मिळते, म्हणून आम्ही रात्री तेथे गेलो. खोलीला खिडकी नव्हती. शेजारच्या खोलीत पहाटेपर्यंत पत्त्यांचा डाव व आरडाओरड चालली होती. वडील रात्रभर दाराला पाठ लावून बसून राहिले. सकाळी डोळा लागला तो उशिरा उघडला. महाविद्यालय शहराच्या दुसऱ्या टोकास, नदीपलीकडे. दोन बसगाड्या बदलून पोहोचलो, तो अर्ज घेण्याची खिडकी बंद झालेली. तो शेवटचा दिवस होता. त्या महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला नाही.

पुढे देवाच्या कृपेने माझे शिक्षण झाले. परंतु वडिलांनी त्या दिवसाबद्दल स्वतःस अखेरपर्यंत दोष दिला. आणि जी गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नाही ती आज येथे लिहितो. आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने नारायण पेठेतील एका साध्या खोलीचा पत्ता मला दिला होता. तेथून महाविद्यालय पायी वीस मिनिटांवर होते. तो कागद माझ्या खिशातच होता. पण मला कोणी विचारले नाही, आणि विचारल्यावाचून वडिलांपुढे बोलण्याची मला सवय नव्हती.

ह्या अनुभवातून मी जो नियम काढला तो असा : आधी काम, मग वस्ती, मग खोली, आणि ह्या तिन्ही पायऱ्यांवर मुलाचा विचार घ्यावा. बहुतेक लोक ह्याच्या अगदी उलट करतात. ते आधी स्वस्त खोली शोधतात, ती जेथे असेल तेथे उतरतात, आणि मग तेथून कामाला कसे जावयाचे ह्याची चिंता करीत बसतात.

पुण्याचा नकाशा

प्रथम एक कागद घेऊन पुण्याची ढोबळ आकृती काढा. मुठा नदी नैर्ऋत्येकडून येऊन ईशान्येकडे वाहते व संगमापाशी मुळेस मिळते. नदीच्या उजव्या तीरावर जुन्या पेठा : कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव इत्यादी. डाव्या तीरावर डेक्कन जिमखाना व शिवाजीनगर. पेठांच्या पूर्वेस रेल्वे स्टेशन व कँप, आणि दक्षिणेस स्वारगेट. एवढी आकृती डोळ्यांपुढे असली म्हणजे परका मनुष्यही पुण्यात फारसा चुकत नाही.

मेट्रोमुळे ही आकृती अधिक सोपी झाली आहे. वनाज ते रामवाडी व पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हे दोन मार्ग जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकांस मिळतात. त्यांपैकी न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. म्हणून खोली कामाच्या जागेजवळ मिळत नसेल, तर निदान मेट्रोच्या स्थानकाजवळ पाहावी.

आता एकेका वस्तीचा विचार करू.

पुणे स्टेशन : येथे रेल्वे १८५८ साली आली, आणि उतारूंच्या सोयीसाठी निवासगृहेही भोवती उभी राहिली. पहाटेची गाडी गाठावयाची असेल, किंवा ससून रुग्णालय व बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय येथे काम असेल, तर ही वस्ती सोयीची. मात्र गर्दी व आवाज रात्रभर असतो, आणि शेजारी शेजारी असलेल्या दोन निवासगृहांत जमीनअस्मानाचे अंतर असू शकते. खोली पाहिल्याशिवाय येथे पैसे देऊ नयेत. एका रात्रीचाच प्रश्न असेल तर रेल्वेच्या स्वतःच्या विश्रांतिकक्षाची चौकशी करावी. तो तिकिटाच्या आधारावर मिळतो.

स्वारगेट : सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या बाजूंच्या एस. टी. गाड्या येथे येतात. सामान पुष्कळ असेल व तिसऱ्या प्रहरी परतावयाचे असेल, तर हे ठिकाण बरे. हवा खाण्यास सारसबाग व पर्वती जवळच आहेत.

शिवाजीनगर : येथील एस. टी. स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीस हलविण्यात आले. "आमच्या वेळी स्थानक समोरच होते" ह्या आठवणीवर विसंबून पुष्कळ पालक फसले आहेत. जुन्या माहितीवर प्रवास आखू नये, ह्याचा हा चांगला धडा होय.

डेक्कन जिमखाना, फर्ग्युसन रस्ता व जंगली महाराज रस्ता : महाविद्यालय पाहावयास येणाऱ्या मुलामुलींसाठी ह्याहून सोयीची वस्ती नाही. १८८५ साली स्थापन झालेले फर्ग्युसन महाविद्यालय, १९१७ चे भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे मंदिर, १९२४ चे विधी महाविद्यालय, १९४३ चे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय ही सर्व येथून पायी वा थोड्या भाड्यात गाठता येतात. १८५४ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालयही दूर नाही. खोल्या काहीशा महाग असतात; त्याचा हिशेब पुढे केला आहे.

सदाशिव व नारायण पेठ : ही विद्यार्थ्यांची जुनी वस्ती. एके काळी गरीब मुले येथे वार लावून वा माधुकरी मागून शिकली. आज अभ्यासिका व खानावळी गल्लोगल्ली आहेत. स. प. महाविद्यालय व अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने हाकेच्या अंतरावर. जेवण साधे व परवडणारे. परंतु दोन वेळा सांभाळाव्यात. गणेशोत्सवात, विशेषतः अनंत चतुर्दशीस, येथे झोप मिळेल ही आशा करू नये. तसेच ज्येष्ठ महिन्याच्या उत्तरार्धात श्रीज्ञानेश्वर व श्रीतुकाराम ह्यांच्या पालख्या पुण्यात मुक्कामास असतात. तेव्हा भवानी व नाना पेठेकडील रस्ते वाहनांस बंद होतात. प्रवेशाचे दिवस पुष्कळदा ह्याच सुमारास येतात. पंचांग पाहून निघावे. सोहळा मुलास अवश्य दाखवावा, पण परीक्षेच्या दिवशी त्यात अडकू नये.

कँप : सशस्त्र सेनादलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा हडपसरकडे काम असेल त्यांनी ह्या बाजूस उतरावे. क्वार्टर गेटजवळ वाय. एम. सी. ए. ही संस्था आहे. लंडनमध्ये नोकरीसाठी आलेल्या तरुणांना वाईट संगतीपासून दूर अशी जागा मिळावी म्हणून जॉर्ज विल्यम्स व त्यांच्या मित्रांनी १८४४ साली ह्या चळवळीचा आरंभ केला. मोठ्या शहरात तरुणाने कोठे राहावे, हा प्रश्न किती जुना आहे हे ह्यावरून दिसून येईल.

कोथरूड, कर्वेनगर, औंध, हिंजवडी : येथे काम असल्यासच येथे उतरावे. संगणकावरील प्रवेशपरीक्षांची केंद्रे पुष्कळदा अशा उपनगरांत असतात. प्रवेशपत्रावरील पत्ता नीट वाचावा. केवळ "पुणे" हा शब्द वाचून स्टेशनजवळ उतरू नये. साधेल तर आदल्या सायंकाळी केंद्र प्रत्यक्ष पाहून यावे.

स्वस्त कशास म्हणावे?

विद्यार्थिमित्रांनो, एक उदाहरण सोडवू. समजा, दूरच्या वस्तीत खोलीचे भाडे दिवसास ९०० रुपये आहे व कामाच्या जागेजवळ १३०० रुपये. दोन दिवसांत पहिल्या खोलीचे १८०० होतील, दुसरीचे २६००. फरक ८०० रुपयांचा. परंतु पहिल्या खोलीहून दोन दिवसांत चार वेळा रिक्षा करावी लागली व प्रत्येक खेपेस १५० रुपये पडले, तर ६०० रुपये तेथेच गेले. उरला फरक २०० रुपयांचा. आता प्रत्येक खेपेस पाऊण तास धरा. तीन तास रस्त्यावर गेले. परीक्षेच्या आदल्या दिवशीचे तीन तास व रात्रीची झोप दोनशे रुपयांस विकावी काय? माझ्या वडिलांचा हिशेब येथेच चुकला होता. त्यांनी खोलीची किंमत पाहिली. दिवसाची किंमत पाहिली नाही.

भाडे विचारताना ते करासहित की करावाचून हेही विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसास साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर पाच टक्के झाला. तिसऱ्या माणसाच्या गादीचे पैसे वेगळे आहेत काय, खोली चोवीस तासांसाठी मिळते की दुपारी ठरावीक वेळी सोडावी लागते, गरम पाणी किती वाजता येते, हे चार प्रश्न आधी फोनवर विचारले म्हणजे निघताना वाद होत नाही.

खोली पाहताना

छायाचित्रावर विसंबू नये. दार आतून नीट बंद होते काय, खिडकी उघडते काय, संडास स्वच्छ आहे काय, आणि आग लागल्यास खाली उतरण्यास दुसरा जिना आहे काय, हे स्वतः पाहावे. दिवे लागणीच्या वेळी भोवतालचा रस्ता एकदा पायी फिरून यावा. उघडी दुकाने, येणाऱ्याजाणाऱ्या बायकामुली व पुरेसा उजेड असला म्हणजे वस्ती बहुधा चांगली समजावी.

वयात आलेल्या मुलामुलींना थोडा आडोसा हवा असतो, हे पालकांनी विसरू नये. वडील मुलीस घेऊन किंवा आई मुलास घेऊन आली असेल, तर दोन वेगळ्या खाटा व आतून कडी असलेले स्नानगृह ही चैन नव्हे, गरज होय. पालकांबरोबर मुलाचेही ओळखपत्र घ्यावे. आडनावे भिन्न असल्यास नाते दाखविणारा कागद जवळ असू द्यावा. मुलादेखत उलटतपासणी झाली तर त्याच्या मनास लागते.

मुलास विचारा

सन १९०९ मध्ये जर्मनीतील रिखार्ड शिरमान नावाचे शिक्षक विद्यार्थ्यांसह पायी सहलीस गेले असता वादळात सापडले. एका गावच्या शाळेत त्यांना आसरा मिळाला. बाके बाजूस सारून मुले गवताच्या अंथरुणावर निजली. त्या रात्री शिरमान ह्यांना सुचले की प्रवासी मुलांसाठी अशी साधी, स्वच्छ निवासस्थाने गावोगावी का असू नयेत? १९१२ साली आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात असे पहिले निवासस्थान उघडले, आणि पुढे ती चळवळ जगभर पसरली. साधेपणाने मुलांचे काही बिघडत नाही, हे त्या शिक्षकाने ओळखले होते. अस्वच्छता, भय व अनिश्चितता ह्यांनी मात्र बिघडते.

आपल्याकडील उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे. १८७५ साली ते परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास सोबत्यांसह पायी गेले. शंभर मैलांहून अधिक वाट, मध्ये पावसातला कुंभार्ली घाट. तेथे पोहोचल्यावर, मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. एवढे होऊनही तो मुलगा खचला नाही. आपल्या मुलांनी शंभर मैल चालावे असे मी म्हणत नाही. परंतु प्रवास त्यांचाही असावा, एवढे खास म्हणतो.

म्हणून पालकहो, निघण्यापूर्वी आठ दिवस नकाशा मुलापुढे ठेवा आणि खर्चाची मर्यादा त्यास मोकळेपणाने सांगा. घरची परिस्थिती लपविल्याने मुले सुखी होत नाहीत. सांगितल्याने शहाणी होतात. दोनतीन जागा त्यासच शोधू द्या, फोन त्यासच करू द्या. निवड मात्र दोघांनी मिळून करा. पुण्यात पहिल्या दिवशी तुम्ही पुढे चाला, दुसऱ्या दिवशी त्यास पुढे चालू द्या. आणखी थोड्याच दिवसांत त्यास ह्याच रस्त्यांवर एकट्याने चालावयाचे आहे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसही एक सांगणे आहे. तुमच्या खिशात उपयोगाचा पत्ता असेल, तर विचारण्याची वाट पाहू नका. "बाबा, मला एक ठिकाण ठाऊक आहे," एवढे नम्रपणे सांगण्यात उद्धटपणा नाही. मी ते वाक्य बोललो असतो, तर एका सज्जन मनुष्याच्या मनावरचे ओझे कायमचे टळले असते.

अभ्यास : (१) वर सांगितल्याप्रमाणे पुण्याची आकृती काढून तीत दोन्ही मेट्रोमार्ग दाखवा. (२) परगावचा तुमचा एक आप्त तुमच्या वयाच्या मुलासह दोन दिवसांसाठी येणार आहे, असे समजून त्याच्या कामास योग्य अशी वस्ती निवडा व खर्चाचा अंदाज करा. (३) तो अंदाज घरी आईवडिलांस वाचून दाखवा आणि त्यांचे मत विचारा.