जुनी बंदूक, नवे काडतूस
पीकसंरक्षणाच्या शस्त्रांबाबत गावपातळीवर माहीत असाव्यात अशा काही गोष्टी

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या पश्चिम भागात भाताची लोंबी भरू लागली, की रात्रीची राखण सुरू होते. पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणीकडे जाणाऱ्या पट्ट्यात शेते आणि जंगल यांच्यामध्ये फार तर एखादा बांध असतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचराची नासाडी करतो. पत्र्याचे डबे, फटाके, शेकोटी हे उपाय शेतकरी करतातच. काही घरांमध्ये मात्र पीकसंरक्षणासाठी परवान्यावर घेतलेली बंदूकही असते. ती बहुधा वडिलांकडून मुलाकडे आलेली, किंवा दुसऱ्याने वापरून विकलेली असते.

अशी जुनी बंदूक आणि तिच्यात घातले जाणारे नवे काडतूस यांचा मेळ बसतो की नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शिशाऐवजी पोलादी छर्रे असलेली काडतुसे जगात प्रचारात आल्यापासून या प्रश्नाला विशेष महत्त्व आले आहे. चुकीच्या काडतुसाने नळी फुटली, तर इजा होते ती बंदूक धरणाऱ्याच्या हाताला व डोळ्यालाच. म्हणून या विषयाची प्राथमिक माहिती शेतकऱ्यांप्रमाणेच सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांनाही असणे इष्ट आहे.

'बारा बोअर' म्हणजे काय?

छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते; रायफलीप्रमाणे तिला आटे नसतात. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास होईल, तो ज्या नळीचा अंतर्व्यास असतो ती बंदूक बारा बोअरची. हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. वीस बोअरमध्ये एका पौंडाच्या वीस गोळ्या होतात. म्हणजेच आकडा वाढला की नळी अरुंद होते.

नळीच्या मागील बाजूस काडतूस बसण्याची जागा असते, तिला चेंबर म्हणतात. नळीच्या तोंडाशी बहुतेक बंदुकींत थोडा आवळ ठेवलेला असतो, त्याला चोक म्हणतात. या आवळामुळे छर्रे लवकर पांगत नाहीत. पूर्ण चोकमध्ये हा आवळ सुमारे एक मिलिमीटर, तर अर्ध्या चोकमध्ये त्याच्या निम्मा असतो. दुनळी बंदुकीत दोन्ही नळ्यांचे चोक बहुधा वेगवेगळे असतात. पुढील सर्व विवेचन चेंबर आणि चोक या दोन गोष्टींभोवती फिरते.

शिसे आणि पोलाद

शिसे जड आणि मऊ असते. त्याची घनता पाण्याच्या ११.३ पट, तर पोलादाची सुमारे ७.८ पट असते. त्यामुळे एकाच आकाराचा शिशाचा छर्रा दूरवर जोर टिकवतो, पोलादी छऱ्याचा जोर मात्र लवकर ओसरतो. तोच परिणाम साधण्यासाठी पोलादी छर्रा सामान्यतः दोन क्रमांक मोठा घ्यावा लागतो, आणि तरीही त्याचा परिणामकारक पल्ला कमीच राहतो.

असे असता पोलाद वापरात का आले? शिसे विषारी आहे, हे त्याचे कारण. पाणथळ जागी पडलेले छर्रे बदके व इतर पक्षी खडे समजून गिळतात आणि शिशाच्या विषबाधेने मरतात. छर्रे लागून मेलेल्या जनावराचे मांस खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या पोटातही शिसे जाते. माणसालाही, विशेषतः लहान मुलांना, शिसे अपायकारक आहे. या कारणास्तव अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे वापरण्यास देशभर मनाई झाली. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाच्या छऱ्यांवर पूर्ण बंदी घातली. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ क्षेत्रांत हीच मनाई लागू झाली.

भारतातील दुकानांत मिळणारी बहुतेक काडतुसे आजही शिशाच्या छऱ्यांचीच असतात. पुण्याजवळ खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. काडतुसाच्या पितळी बुडावर दिसणारी 'केएफ' ही अक्षरे त्याच कारखान्याची खूण होत. पोलादी छऱ्यांची काडतुसे प्रामुख्याने परदेशी बनावटीची असतात. ती हाती आल्यास शिशाच्या काडतुसाप्रमाणेच वापरता येतील, असे समजणे मात्र धोक्याचे आहे.

जुन्या नळीला धोका कशाने?

शिशाचा छर्रा चोकमधून जाताना किंचित दबतो आणि वाट काढतो. पोलादी छर्रा दबत नाही. मोठे पोलादी छर्रे आवळ जागी एकमेकांना अडतात आणि त्यांचा सारा रेटा नळीच्या भिंतीवर येतो. परिणामी चोकच्या मागे नळीला कड्यासारखा फुगवटा येऊ शकतो. दुनळी बंदुकीत दोन नळ्या जोडणारा डाग सुटू शकतो. दुसरे असे, की पोलादी छर्रे थेट घासल्यास नळीच्या आतील पृष्ठभागावर ओरखडे पडतात. म्हणून अशा काडतुसात छऱ्यांभोवती जाड प्लॅस्टिकचा पेला बसविलेला असतो. तिसरी गोष्ट दाबाची. हलक्या छऱ्याला अधिक वेग देण्यासाठी काही काडतुसे जास्त दाबाची बनविली जातात.

युरोपातील आंतरराष्ट्रीय चाचणी पद्धतीत पोलादी काडतुसांचे दोन वर्ग मानलेले आहेत : साधी आणि उच्च दाबाची. उच्च दाबाची काडतुसे फक्त अशाच बंदुकीत वापरावयाची असतात, जिची १३२० बार दाबावर चाचणी झाली आहे आणि जिच्या नळीवर लिली फुलाच्या आकृतीचा शिक्का आहे. हा शिक्का नसलेल्या बंदुकीत ती कदापि घालू नयेत. चार मिलिमीटरपेक्षा मोठ्या पोलादी छऱ्यांसाठी अर्ध्या चोकहून अधिक आवळ नसावा, हाही नियम आहे.

जुन्या बंदुकीची पाहणी

वापरलेली बंदूक घेताना अथवा वारशाने आलेली बंदूक पुन्हा वापरात आणताना ती आधी परवानाधारक शस्त्र-दुरुस्ती कारागिराकडून तपासून घ्यावी. त्याच्याकडून पुढील गोष्टींची खात्री करून घेणे आवश्यक आहे.

पहिली, चेंबरची लांबी. जुन्या बंदुकींचे चेंबर बरेचदा ६५ मिलिमीटरचे असते, तर आजची पुष्कळ काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. येथे एक फसगत संभवते. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार उडाल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची असते. त्यामुळे ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये सहज बसते. पण बार उडताना त्याचे तोंड उघडण्यास जागा मिळत नाही आणि दाब एकाएकी वाढतो. काडतूस बसले म्हणजे ते योग्य आहे, असा अर्थ होत नाही.

दुसरी, चाचणीचे शिक्के. विलायती बनावटीच्या फार जुन्या बंदुका केवळ काळ्या दारूसाठी तपासलेल्या असतात. त्यांत आजच्या धूरविरहित दारूचे काडतूसच वापरता येत नाही. मग पोलादी छऱ्यांची गोष्ट दूरच. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून बनविलेल्या, लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसणाऱ्या दमास्कस नळ्यांत पोलादी छर्रे कधीही घालू नयेत.

तिसरी, नळीची प्रकृती. आतून गंजाचे खड्डे, फुगवटा, खोक आहे काय, भिंत झिजून पातळ झाली आहे काय, हे पाहावे. कारागीर नळ्या सोडवून, टांगून त्यांवर हलकेच टिचकी मारतो. मडके पारखण्याचाच हा प्रकार. स्वच्छ नाद आला तर जोड पक्का. बद्द आवाज आला तर डाग सुटल्याचा संशय घ्यावा.

चौथी, कुलूप आणि चाप. बंदूक बंद केल्यावर नळी हलता कामा नये, आणि घोडा चढवून ठेवला असता धक्क्याने पडता कामा नये.

या चारही बाबी ठीक ठरल्या, चोक अर्धा किंवा त्याहून मोकळा असला आणि कारागिराने स्पष्ट सांगितले, तरच साध्या वर्गातील पोलादी काडतूस वापरण्याचा विचार करावा. शंका राहिल्यास शिशाचे, योग्य लांबीचे व कमी भाराचे काडतूस वापरणे, किंवा ती बंदूक निवृत्त करणे हाच शहाणपणा होय. साध्या वर्गातील बारीक पोलादी छर्रे रानडुकरासाठी उपयोगाचे नसतात, हेही ध्यानात ठेवावे. त्यांनी जनावर मरत नाही, जखमी होते; आणि जखमी डुक्कर माणसावर उलटते.

घरगुती छर्रे नकोत

ठासणीच्या बंदुकीत सायकलच्या बेअरिंगमधील गोळ्या, खिळ्यांचे तुकडे अथवा खडी भरणे अत्यंत घातक आहे. काडतुसातील पोलादी छर्रा मुद्दाम मऊ लोखंडाचा केलेला असतो. बेअरिंगची गोळी मात्र पाणी दिलेली, कठीण असते. ती नळी ओरबाडते, अडकते आणि नळी फोडू शकते. रिकामी काडतुसे घरी भरणेही तितकेच धोक्याचे आहे. शिवाय परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे.

वापरताना घ्यावयाची काळजी

पावसाळ्यात खुंटीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते. असा मातीचा गोळा, चिंधी किंवा वंगणाचा थर नळीत राहिला असता बार उडविल्यास नळी फुटते. म्हणून प्रत्येक वेळी काडतूस घालण्यापूर्वी नळीतून उजेड पाहावा. दमट हवेने फुगलेली काडतुसे बाजूला काढावीत. बाराच्या बंदुकीजवळ वीस बोअरचे काडतूस ठेवू नये. ते चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकते आणि त्यामागे बाराचे काडतूस गेल्यास अपघात अटळ होतो.

चाप ओढूनही बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, मगच बंदूक उघडावी. बाराचा आवाज नेहमीपेक्षा क्षीण आला, तर दुसरा बार करण्यापूर्वी नळीत काही अडकले नाही ना, हे पाहावे.

पोलादी छर्रे खडकावर किंवा पाण्यावर आपटून उसळतात. मुळशीच्या कातळात आणि जलाशयाच्या काठी हा धोका अधिक आहे. सहा नंबरचे बारीक छर्रेही सुमारे दोनशे मीटरपर्यंत पोहोचतात. मोठे छर्रे अर्ध्या किलोमीटरपलीकडे जाऊ शकतात. म्हणून अंधारात नुसत्या सळसळीवर बार करू नये. पलीकडच्या खाचरात दुसरा राखणदार बसलेला असू शकतो.

कायद्याची चौकट

शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवान्याविना बंदूक बाळगता येत नाही. ग्रामीण हद्दीत जिल्हा दंडाधिकारी, तर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त परवाना देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. एका परवानाधारकाने दुसऱ्यास बंदूक विकावयाची असल्यास जिल्हा दंडाधिकारी अथवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यास घेणाऱ्याचे नाव व पत्ता लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. घेणाराही परवान्यान्वये पात्र असला पाहिजे. परवानाधारक मृत्यू पावल्यास वारसांनी बंदूक घरात न ठेवता विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. लग्नात वा मिरवणुकीत बेदरकारपणे बार उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

ताम्हिणी परिसर २०१३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाल्याने मुळशीत आणखी एक तरतूद लक्षात घ्यावी लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यात व त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकांनी वन विभागाकडे नोंदणी करावयाची असते. या क्षेत्रात नवा परवाना देण्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या सुधारित अनुसूचीनुसार रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या प्राण्यास मारण्याची परवानगी कलम ११ खाली सक्षम वनाधिकाऱ्याकडून लेखी मिळवावी लागते. पिकाच्या नुकसानीबद्दल शासनाकडून भरपाईही मिळू शकते. त्यासाठी वेळेत अर्ज व पंचनामा होणे आवश्यक असते.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायतीने भाताच्या हंगामापूर्वी ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि पोलीस व वन विभागाच्या अधिकाऱ्यांना निमंत्रित करावे. पोलीस पाटलांनी वारसांकडे पडून असलेल्या बंदुका जमा करण्याविषयी घरोघर सांगावे. नुकसानभरपाईचे अर्ज भरून देण्यास ग्रामसेवक व तलाठ्यांनी साहाय्य केल्यास बंदुकीकडे हात जाण्याचे प्रसंगही कमी होतील. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एवढे तरी शिकवावे, की बंदूक रिकामी आहे असे कोणी सांगितले तरी तिला हात लावू नये आणि सापडलेले काडतूस न उचलता मोठ्या माणसांना दाखवावे. घरात बंदूक व काडतुसे वेगवेगळ्या ठिकाणी, कुलपात असावीत.

पीक वाचविणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. परंतु त्यासाठी उचललेले हत्यार नळीपासून छऱ्यापर्यंत पारखलेले असले पाहिजे. बंदूक घेताना कारागिराला दिलेला एक तास आणि काडतुसाच्या खोक्यावरील मजकूर वाचण्यास लागणारा एक मिनिट, यांची बचत कोणत्याही शेतकऱ्याने करू नये.