आधी वीस बाटल्या धड पोचू देत

ऑनलाइन विक्री सुरू करणाऱ्या घरगुती उद्योजकांना मी पहिला प्रश्न विचारते तो असा: या महिन्यात नेमकं काय झालं म्हणजे तुमचं काम झालं? बहुतेकींचं उत्तर रुपयांत येतं. महिन्याला पन्नास हजार, महिन्याला लाख. कुडाळजवळच्या आमच्या घरातही असाच एक आकडा भिंतीवर चिकटवलेला होता. तो आमचा नव्हता. वेबसाइट बांधून देणाऱ्या एका सल्लागाराने तो आपल्या पॅकेजसोबत दिला होता. त्या आकड्यामागे धावताना आमचा एक अख्खा हंगाम कसा गेला, हे सांगण्यासाठी हे लिहिते आहे. तुमचा तरी जाऊ नये.

आम्ही दोघी जावा. घरची रतांब्याची झाडं आणि सासूबाईंच्या हाताखाली शिकलेली आमसुलं नि आगळ, हा आमचा धंदा. एप्रिल-मेमध्ये रतांबे पिकतात. सालं मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा रसाचं पूट द्यायचं, पुन्हा वाळवायची. हे सगळं पाऊस लागायच्या आत. गणपतीला आलेले चाकरमानी परतताना आगळाची बाटली पिशवीत घालून न्यायचे आणि संपली की मुंबईहून फोन करायचे. म्हणजे गिऱ्हाईक होतं, मालाला चव होती. फक्त विक्री पोस्टाने-कुरिअरने करायची होती.

सल्लागाराचा आराखडा मात्र मोठा होता. आमसूल आणि आगळाच्या जोडीला काजू, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, फणसपोळी असे डझनभर जिन्नस. विक्री साऱ्या भारतात. पैसे घरपोच पार्सल मिळाल्यावर देण्याची सोय. फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोजच्या जाहिराती. आणि पहिल्या महिन्यापासून लाखाची विक्री.

ऑर्डरी आल्या, हे खरं. त्यांच्याबरोबर अडचणीही एकदम आल्या. आगळ खारट आणि आंबट, त्यात पाण्यासारखं पातळ. झाकणाच्या आट्यांतून ते झिरपायचं. खोक्यात शेजारी ठेवलेलं कुळथाचं पीठ लाल चिखल होऊन गिऱ्हाइकाच्या हातात पडायचं. काही पार्सलं दारातून नाकारली जायची आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी आमच्याकडे परत यायची, येण्याचं भाडं आमच्याच माथी. हंगामाअखेर बँकेत उरलेली रक्कम सुरुवातीपेक्षा कमी होती. त्याहून वाईट म्हणजे पैसे नेमके कुठे गेले ते आम्हाला सांगता येईना. बाटलीत? भाड्यात? जाहिरातीत? की ज्या जिन्नसाला मागणीच नव्हती त्यात? सगळं एकाच आकड्यात कालवलं गेलं होतं.

तिथून मी एक गोष्ट पक्की धरली. लहान उद्दिष्ट ठेवायचं ते मनाला धीर यावा म्हणून नव्हे. काम बिघडलं तर कुठे बिघडलं ते दिसावं म्हणून. उद्दिष्ट इतकं लहान हवं की फसलं तरी त्याचं कारण एकच निघेल.

पहिलं उद्दिष्ट: वस्तू धड पोचणं

दुसऱ्या हंगामात आम्ही एकच ठरवलं. आगळाच्या वीस बाटल्या, ओळखीच्या वीस घरी, न गळता पोचल्या पाहिजेत. विक्री किती झाली हे त्या वेळी मोजायचंच नाही. पुण्याला, नाशिकला, नागपूरला नातेवाइकांना पाठवल्या आणि खोकं उघडण्याआधी फोटो मागवला.

या एका कामात जे कळलं ते आधीच्या साऱ्या धावपळीत कळलं नव्हतं. बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, वर थोडी जागा सोडायची. झाकणाखाली ॲल्युमिनियमची चकती येते, ती छोट्या यंत्राने तापवून तोंडाला चिकटवायची. चकती बसवण्यापूर्वी बाटलीचं तोंड कोरड्या फडक्याने पुसायचं, कारण कडेला आगळाचा थेंब राहिला तर तेवढ्या जागी ती नीट धरत नाही. मग बाटली वर्तमानपत्रावर रात्रभर उलटी ठेवायची. सकाळी कागदावर लाल डाग दिसला तर ती बाटली पाठवायची नाही. शेवटी भरलेलं खोकं कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाकून बघायचं. जाऊबाईंना ही शेवटची परीक्षा जिवावर यायची, पण कुरिअरच्या गोदामात खोकं याहून हळू ठेवलं जाईल याची हमी कोण देणार?

दुसरं उद्दिष्ट: एका पार्सलचा हिशेब

महिन्याचा हिशेब नंतर. आधी एकाच पार्सलचा मांडा. समजा बाटली २२० रुपयांना विकली. आगळ, बाटली, लेबल मिळून ९० रुपये. खोकं आणि भरण २०. कुरिअर ७०. ऑनलाइन पैसे घेण्याचं शुल्क ५. उरले ३५. याचा अर्थ एक गिऱ्हाईक मिळवायला जाहिरातीवर ३५ रुपयांहून जास्त गेले की प्रत्येक विक्रीगणिक तोटा. आणि नाकारलेलं पार्सल परत आलं तर जाण्याचे ७०, येण्याचे समजा ६० आणि खोक्याचे २०, असे १५० रुपये गेले. चार चांगल्या गिऱ्हाइकांकडून मिळालेला नफा त्या एका पार्सलला पुरत नाही. म्हणून अनोळखी गिऱ्हाइकाकडून पैसे आगाऊ यूपीआयनेच घ्या. त्यामुळे ऑर्डरी कमी येतील, येऊ देत.

खोक्याच्या मापाकडेही लक्ष द्या. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर भाडं त्याचंच लावतात. पाव किलो आमसुलं ३० x २० x १५ च्या खोक्यात घातली तर भाडं १.८ किलोचं. तीच २० x १५ x ८ च्या खोक्यात घातली तर अर्ध्या किलोच्या आत. माल तोच आणि अंतरही तेच. या महिन्यात प्रत्येक जिन्नसाला योग्य खोकं शोधायचं, एवढंही उद्दिष्ट पुरेसं आहे.

तिसरं उद्दिष्ट: तेच गिऱ्हाईक पुन्हा येणं

नवं गिऱ्हाईक जाहिरातीने येतं, जुनं चवीने येतं. वीस जणांपैकी किती जणांनी आपणहून दुसरी बाटली मागवली, हा आकडा वहीत लिहा. फॉलोअर किती वाढले यापेक्षा तो कितीतरी खरा असतो. कुणी मागवली नाही तर फोन करून विचारा. आम्हाला कळलं की शहरातल्या काही घरांत बाटली तशीच पडून होती, कारण आगळात मीठ असतं आणि सोलकढीला आगळ किती घ्यायचं हेच ठाऊक नव्हतं. सरबत समजून पाण्यात ढवळून पिणारेही निघाले. आम्ही लेबलवर कृती छापली. जाहिरातीवर रुपया वाढवला नाही, तरी बाटल्या संपू लागल्या आणि मागणी परत येऊ लागली.

हद्द आखून घ्या

साऱ्या भारतात विकायची घाई करू नका. उलाढाल लहान असली तरी करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर जीएसटी नोंदणी लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकणाऱ्याला मालासाठी वर्षाला ४० लाखांपर्यंत ती साधारणपणे लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून असे लहान विक्रेते जीएसटी पोर्टलवर नावनोंदणीचा क्रमांक घेऊन मोठ्या विक्री-संकेतस्थळांवरूनही राज्यापुरता माल विकू शकतात. मुंबई, पुणे, नागपूर मिळून आपल्याला पुरून उरेल इतकं गिऱ्हाईक आहे. खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआयची नोंदणी आणि पाकिटावर तिचा १४ आकडी क्रमांक पहिल्या बाटलीपासून हवा. तिथे लहान-मोठं काही नाही. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

वेबसाइटचं नाव, जाहिरातीचं खातं, व्हॉट्सॲपचा नंबर हे सगळं स्वतःच्या नावावर घ्या. आमच्या वेबसाइटचं नाव सल्लागाराच्या नावावर राहिलं होतं. त्याच्याशी व्यवहार संपला तेव्हा ते नाव गेलं आणि त्यासोबत तिथे जमलेले गिऱ्हाइकांचे पत्तेही. "विक्रीची हमी" देणाऱ्याला विचारा, हमी पुरी झाली नाही तर पैसे परत देणार का? ते लेखी घ्या.

उद्दिष्ट कसं लिहावं

जे आपल्या हातात आहे तेच लिहावं. "दहा हजारांची विक्री" आपल्या हातात नसते. "या पंधरवड्यात जुन्या तीस गिऱ्हाइकांना फोन" हे असतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. किंमत, खोकं आणि जाहिरात एकदम बदलली तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आणि थांबण्याचा आकडा सुरू करण्याआधी लिहा: जाहिरातीवर इतके रुपये जातील, तेवढ्यात इतक्या ऑर्डरी आल्या नाहीत तर जाहिरात बंद. पैसे जात असताना हा निर्णय घेता येत नाही, कारण "अजून थोडं करून बघू" असं मन म्हणतच राहतं.

हंगामी माल असेल त्यांनी हे विशेष जपावं. रतांबे वर्षातून एकदाच येतात. हंगामात फसलेला प्रयोग पुन्हा करायला वर्षभर वाट पाहावी लागते. म्हणून बाटली, खोकं, लेबल, भाडं यांच्या साऱ्या परीक्षा थोड्या मालावर आधी उरकून घ्या, भांडवल मागाहून घाला.

लाखाचं स्वप्न आम्ही सोडलेलं नाही आणि तुम्हीही सोडू नका. पण आता तो आकडा कुठून येणार ते आम्हाला सांगता येतं: इतकी पार्सलं, प्रत्येकात इतके रुपये, इतकी परतून येणारी गिऱ्हाइकं. तुम्हाला हे सांगता येत नसेल तर आज एक वस्तू निवडा, वीस घरांची यादी करा आणि एक तारीख घाला. त्या वीस घरांतून जे कळेल ते कुठल्याही पॅकेजमध्ये विकत मिळत नाही.