खलाशी टिकवायचे असतील तर आधी वहीत आकडा लिहा



हंगाम संपत आला. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बंदी. बोटी धक्क्याला लागतील, जाळी उतरतील, आणि आपले खलाशी ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, कर्नाटक अशी आपापल्या गावची गाडी पकडतील. मग १ ऑगस्ट उजाडतो. डिझेल भरलेलं, बर्फाची सोय झालेली, परवाना हातात, पण माणसं नाहीत. मालीम असो, कुटबण असो की वास्कोचा खारीवाडा, सुरुवातीचे सुंगटांचे दिवस असेच बांधलेल्या बोटीवर जातात. पुढे हंगामात कोणी आठ दिवसांत निघून जातो, कोणी दिवाळीला गेला तो परत येत नाही.

"हल्ली खलाशी टिकत नाहीत" असं आपण सगळेच म्हणतो. पण किती टिकत नाहीत, असं विचारलं तर आकडा कोणाकडे नसतो. मासळी किती आली ते किलोत सांगतो, डिझेल लिटरमध्ये सांगतो, माणसांचं मात्र "बरेच गेले" एवढंच. ज्याचा आकडा नाही ते कमी झालं की वाढलं हे कळणार कसं? म्हणून आजचा धडा एवढाच: खलाशांची गळती मोजायची कशी आणि पुढच्या हंगामासाठी लक्ष्य ठरवायचं कसं.

१. चार आकडे काढा

यंदाची हजेरीवही घेऊन बसा आणि हे चार आकडे लिहा.

• हंगामात काम सोडून गेलेले किती?
• त्यातले पहिल्या ३० दिवसांत गेलेले किती?
• मागच्या बंदीनंतर जुन्यांपैकी परत आलेले किती?
• माणसं कमी म्हणून बोट किती दिवस उभी राहिली?

सांगून रजेवर गेला आणि परत आला, तो गळतीत धरायचा नाही. आपण काढून टाकला, तो मात्र धरायचा, कारण जागा तर रिकामी झालीच.

हिशेब सोपा आहे. समजा पर्ससीन बोटीवर सरासरी ३० खलाशी असतात आणि १ ऑगस्ट ते ३१ मे या काळात १८ जण सोडून गेले. १८ भागिले ३०, गुणिले १००, म्हणजे गळती ६० टक्के. लहान ट्रॉलरवर ६ माणसं असतील आणि ३ गेले तर ५० टक्के.

इथे एक गोष्ट नीट बघा. १८ गेले म्हणजे जुने १२ च उरले असं नाही. कदाचित २२ माणसं पूर्ण हंगाम टिकली आणि उरलेल्या ८ जागांवरच माणसं पुन्हापुन्हा बदलली. तसं असेल तर दोष सगळ्या बोटीत नाही, त्या ८ जागांत आहे. काम जास्त आणि पैसा कमी, की झोपायची जागा इंजिनाशेजारी, ते तिथे जाऊन बघावं लागेल.

२. एक माणूस बदलायला काय लागतं?

नवा माणूस आणायचा म्हणजे गाडीभाडं, माणसं आणून देणाऱ्याचं कमिशन, गेलेल्याकडे अडकलेली उचल, आणि नवा शिकेपर्यंत हळू पडणारं काम. शिवाय नव्याला विंचपासून कुठे उभं राहायचं नाही हे ठाऊक नसतं. जाळं ओढताना बोट कापलं जातं ते बहुतेक नव्याचंच. आपापल्या बोटीचा हा खर्च मांडा आणि गेलेल्या माणसांच्या संख्येने गुणा. मग समोर येईल की पाण्याची टाकी स्वस्त की दर महिन्याला नवी माणसं.

३. कारण विचारा, पण तांडेलाकडून नको

जाणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न: का चाललास? तांडेलाने विचारलं तर खरं उत्तर मिळेलच असं नाही, कारण कधी कधी कारण तांडेलच असतो. घरात हिशेब सांभाळणाऱ्या आई, वहिनी यांनी विचारलं तर माणूस मोकळं बोलतो. उत्तर त्याच दिवशी वहीत लिहायचं. राग धरायचा नाही.

आपल्या उदाहरणातल्या १८ जणांची कारणं अशी निघाली असं समजू:

हिशेब उशिरा होतो किंवा कळत नाही: ७
गावची शेती, सण: ५
तांडेलाशी किंवा जोडीदाराशी भांडण: ३
आजारपण, पाणी, शौचालय: २
दुसऱ्या बोटीवर जास्त पैसे: १

आपण चहाच्या टपरीवर बोलतो ते "जास्त पैशांसाठी पळाला". वहीत ते कारण एकाच्याच नावावर निघालं. तुमच्या वहीत वेगळं निघेल. पण ते वहीतून निघू दे, टपरीवरून नको.

४. आता लक्ष्य लिहा

"पुढच्या वर्षी माणसांना चांगलं सांभाळू" हे लक्ष्य नव्हे, ती इच्छा. लक्ष्यात चार गोष्टी हव्यात: किती, कधीपर्यंत, कोण करणार आणि कोणतं काम करून. उदाहरणार्थ:

"येत्या हंगामात ३१ मेपर्यंत सोडून जाणारे १८ वरून १२ वर आणायचे."

आता ६ कमी होणार कुठून, तेही लिहा.

• हिशेबामुळे जाणारे ७ वरून ३. काम: दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत प्रत्येकाला लेखी हिशेब. पगार किंवा वाटा किती, उचल किती कापली, शिल्लक किती. जबाबदारी मालकाची. मोजमाप: १० महिन्यांत १० वेळा झालं का?

• गावासाठी जाणारे ५ वरून ४. काम: ऑगस्टमध्येच रजेचा तक्ता. पश्चिम ओडिशाची नुआखाई आपल्या चवथीच्या दुसऱ्या दिवशीच येते. झारखंड, बिहारकडची छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. भातकापणी नोव्हेंबर-डिसेंबरात. हे आधीच माहीत असतं, मग ऐनवेळी धावपळ कशाला? एका वेळी तिघांना रजा, परतीची तारीख लिहून. जबाबदारी तांडेलाची.

• आजारपणामुळे जाणारे २ वरून १. काम: पिण्याच्या पाण्याची टाकी दर आठवड्याला धुवायची, तारीख टाकीवरच लिहायची. २०२४ च्या पावसाळ्यात कुटबणला खलाशांमध्ये कॉलऱ्याची साथ आली, माणसं दगावली. जिथे पाणी प्यायची भीती वाटते तिथे कोण थांबेल?

भांडणाचे ३ आणि जास्त पैशांचा १ तसेच ठेवलेत. सगळं एकाच वर्षी धरलं तर काहीच हाती लागत नाही. गळती शून्यावर आणायचं लक्ष्यही ठेवू नका. माणूस आहे, कोणाचं लग्न ठरेल, कोणाला गावातच काम मिळेल.

५. दर महिन्याला पंधरा मिनिटं

हिशेब देण्याच्या दिवशीच वहीत बघा: या महिन्यात किती गेले, का गेले. १० महिन्यांत १२, म्हणजे महिन्याला एकापेक्षा थोडे जास्त. ३१ ऑक्टोबरला गेलेल्यांची संख्या ४ च्या आत असेल तर गाडी रुळावर आहे. ७-८ झाली असेल तर मेपर्यंत थांबू नका, कारणांचा रकाना तेव्हाच वाचा.

६. आकड्यासाठी माणूस अडवू नका

हे स्पष्टच लिहितो. गळती कमी दिसावी म्हणून आधार कार्ड ठेवून घेणं, पगार थकवणं, "उचल फेडल्याशिवाय जायचं नाही" म्हणणं, हे करू नका. उचलीपोटी माणसाला जबरदस्तीने कामावर ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. आणि धंद्याच्या दृष्टीनेही तो आकडा खोटा. अडवलेला माणूस मेपर्यंत दिसेल, ऑगस्टला दिसणार नाही, आणि गावातल्या दहा जणांना सांगेल की त्या बोटीवर जाऊ नका.

म्हणून वरच्या चार आकड्यांतला तिसरा सगळ्यात खरा. बंदीच्या काळात माणूस आपल्या घरी असतो, त्याच्यावर कोणाचा जोर नसतो. तिथून तो पुन्हा आपल्याच बोटीवर आला, तर आपण त्याला नीट वागवलं असं समजावं.

७. एकमेकांचे खलाशी पळवू नका

एका बोटीचा माणूस शेजारच्या बोटीने ओढला तर एकाची गळती घटते, दुसऱ्याची वाढते, जेटीवर माणूस तेवढाच. वर उचलीचा दर मात्र चढतो आणि तो सगळ्यांच्याच खिशातून जातो. यासाठी सोसायटीत सगळ्यांचे आकडे एकत्र मांडायला हवेत.

तेव्हा काम असं करूया. खलाशी गावी जाण्याआधी प्रत्येकाचा शेवटचा हिशेब लेखी द्या, त्याचा चालू फोन नंबर घ्या आणि ऑगस्टला येणार का ते विचारून वहीत लिहा. मग चारही आकडे एका कागदावर लिहून जून महिन्यात सोसायटीच्या कार्यालयात आणून द्या. बोटीचं नाव नको, फक्त खलाशी किती आणि आकडे काय. सगळ्यांची बेरीज करून जेटीचं एक लक्ष्य बैठकीत ठरवू.

ज्यांच्याकडे हजेरीवही नाही त्यांनी साधी शंभर पानी वही घ्यावी आणि पाच रकाने आखावेत: नाव, गाव, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, कारण. पहिलं नाव १ ऑगस्टला लिहा.

दर्या सगळ्यांना बरकत देवो.

— सचिव