पिण्याच्या पाण्याचे नळ : निवडीचे शास्त्र

तोटी फिरविली की पाणी येते; परंतु ते जमिनीखालच्या ज्या नळांतून आले, त्यांचा विचार सहसा कोणी करीत नाही. शुद्धीकरण केंद्रातून निर्मळ होऊन निघालेले पाणी घरी पोहोचेपर्यंत कित्येक तास, क्वचित काही दिवसही, नळाच्या आतील पृष्ठभागाला लागून राहते. या अवधीत नळाचा पाण्यावर आणि पाण्याचा नळावर परिणाम होत असतो. म्हणून नळ कोणत्या पदार्थाचा असावा हा प्रश्न केवळ किमतीचा व टिकाऊपणाचा नाही. तो आरोग्याचाही आहे.

नळावर पडणारे भार

पाण्याच्या १० मीटर उंच स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. टाकीतील पाण्याची पातळी ४० मीटर उंचीवर असेल, तर पायथ्याच्या नळाला सुमारे ४ किलोग्रॅम दाब सोसावा लागतो. झडप एकाएकी बंद केल्यास वाहते पाणी अडते आणि दाबाची लाट उसळून नळावर आघात करते. बाहेरून मातीचा व वाहनांचा भार असतोच. दख्खनच्या पठारावरील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा जमिनीत ताठ नळांचे सांधे निखळण्याचा संभव असतो. मात्र हे सर्व भार सोसणारा नळ पाण्याच्या दृष्टीने निर्दोष असेलच असे नाही. शिशाचा इतिहास हेच शिकवितो.

शिशाचा धडा

शिसे मऊ असते, सहज वाकते आणि लोखंडासारखे तांबेरत नाही. या गुणांमुळे रोमन लोकांनी त्याचे नळ मोठ्या प्रमाणावर वापरले. व्हिट्रूव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने मात्र इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातच मातीच्या नळांची शिफारस केली होती. शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांचे चेहरे फिके पडतात, हे त्याने पाहिले होते. तरीही शिशाचा वापर विसाव्या शतकापर्यंत चालू राहिला.

याचे एक कारण असे, की शिशाचा नळ प्रत्येक पाण्यात सारखा वागत नाही. चुन्याचे क्षार पुरेसे असलेल्या पाण्यात नळाच्या आत अविद्राव्य क्षारांचा पातळ थर बसतो व शिसे बऱ्याच अंशी झाकले जाते. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरास १८५९ पासून कॅट्रिन सरोवराचे पाणी मिळू लागले. हे डोंगराळ प्रदेशातील पाणी अतिशय मृदू, म्हणजे चुन्याचे क्षार अत्यल्प असलेले होते. त्यामुळे संरक्षक थर नीट बसेना आणि घरोघरच्या नळांतील शिसे पाण्यात उतरत राहिले. पुढे १९७८ पासून पाण्यात चुना व १९८९ पासून फॉस्फेट मिसळण्यात आले, तेव्हा शिशाचे प्रमाण पुष्कळ घटले.

नळ तोच, पाणी निराळे

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या फ्लिंट शहरात याच तत्त्वाची उलट बाजू दिसून आली. तेथील जुने शिशाचे नळ अनेक वर्षे ह्यूरॉन सरोवराचे पाणी वाहून नेत होते. त्या पाण्यात मिसळलेल्या फॉस्फेटामुळे नळांत रक्षक थर टिकून होता. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचविण्यासाठी फ्लिंट नदीचे पाणी घेण्यात आले. त्यात क्लोराइडचे प्रमाण अधिक होते आणि फॉस्फेट मिसळलेच गेले नाही. जुना थर विरघळू लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका मोटार कारखान्याने यंत्रभाग गंजतात म्हणून हे पाणी घेणे बंद केले. नागरिक मात्र ते पीत राहिले. सप्टेंबर २०१५ मध्ये मुलांच्या रक्तातील शिसे वाढल्याचे डॉक्टरांनी दाखवून दिले आणि पुढील महिन्यात जुना पुरवठा पुन्हा सुरू झाला. शिशाने बालकांच्या मेंदूच्या वाढीस बाधा येते व झालेली हानी सहसा भरून निघत नाही.

आजचे नळ

बिडाचे नळ फार टिकतात, पण बीड ठिसूळ असते. वितळलेल्या बिडात अल्प मॅग्नेशियम मिसळल्यास त्यातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांऐवजी बारीक गोळे बनतात व धातूला चिवटपणा येतो. या लोखंडी नळांना आतून सिमेंटचा गिलावा देतात. सिमेंटातील चुन्यामुळे भिंतीलगतचे पाणी अल्कधर्मी राहते व गंज थोपतो. जस्ताचा मुलामा दिलेले नळ स्वस्त असतात. मात्र क्षरणकारी पाण्यात मुलामा झिजतो व गंजाच्या गाठींनी मार्ग अरुंद होतो.

प्लॅस्टिकचे नळ गंजत नाहीत. पॉलिएथिलीनचा नळ लवचिक असून त्याचे तुकडे उष्णतेने एकजीव करता येतात. हलणाऱ्या काळ्या मातीत हा मोठा लाभ आहे. परंतु पेट्रोल मुरलेल्या जमिनीतून त्यातील द्रव्ये प्लॅस्टिकच्या भिंतीतून पाण्यात शिरू शकतात. पीव्हीसी नळ बनविताना तो उष्णतेने बिघडू नये म्हणून पूर्वी शिशाचे क्षार मिसळीत. त्यावर निर्बंध घालणारे नियम भारतात २०२१ मध्ये झाले.

सांध्यांचे महत्त्वही तितकेच आहे. जेथे दिवसातून काही वेळच पाणी सोडले जाते, तेथे पुरवठा थांबताच नळातील दाब उतरतो आणि सैल सांध्यातून भोवतालचे दूषित पाणी आत शिरते. उत्तम नळही निकृष्ट सांध्यामुळे निरुपयोगी ठरतो.

सारांश, सर्वत्र उत्तम असा एकच नळ नाही. पाण्याचे रासायनिक गुण, जमिनीचा स्वभाव, दाब व सांधा यांचा मेळ पाहूनच निवड करावी लागते. आणि ही निवड एकदाच करून भागत नाही. पाण्याचा उगम किंवा शुद्धीकरणाची रीत बदलली, की जुन्या नळांची परीक्षा नव्याने करणे आवश्यक ठरते.