गुडघे आणि शॉकअप

मणिकर्णिका घाटावर चितेसाठी लागणारे लाकूड बहुतांशी नावांतून येते. घाटाकडे जाणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत, की मालमोटार तेथे पोहोचूच शकत नाही. नाव काठाला लागली, की पुढचा सारा प्रवास माणसाच्या खांद्यावरून होतो. माझ्या वडिलांच्या अस्थी विसर्जित करण्यासाठी आम्ही काशीला गेलो, तेव्हा एक वयस्क हमाल भला मोठा ओंडका खांद्यावर घेऊन उंचसखल पायऱ्या उतरत होते. बराच वेळ आमच्यापैकी कोणी बोलले नाही. माझा भाचा मात्र त्यांच्या पायांकडे टक लावून पाहत होता.

"मामा," तो हळूच म्हणाला, "त्यांचे गुडघे बघा. प्रत्येक पायरीला वाकतात, पण उसळत नाहीत."

भाच्याने नववीनंतर शाळा सोडली. दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजात तो काम करतो. त्या एका वाक्यात त्याने जे सांगितले, ते समजून घेण्यासाठी आपल्याला गाडीखाली डोकावले पाहिजे.

पायरी उतरताना गुडघा एकाच वेळी दोन कामे करतो. तो वाकून भार झेलतो आणि मांडीचे स्नायू त्या हालचालीचा वेग खाऊन टाकतात. गाडीत ही दोन कामे दोन वेगळ्या भागांकडे दिलेली असतात. चाक खड्ड्यात गेले, की स्प्रिंग दबते आणि धक्का साठवून ठेवते. पण साठवलेले ती लगेच परतही करते. केवळ स्प्रिंगवर चालणारी गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ वरखाली होत राहील. ते हेलकावे थांबवण्यासाठी स्प्रिंगच्या जोडीला तेलाने भरलेली नळी असते. नळीत दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. दट्ट्या सरकला, की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. या ओढाताणीत गतीचे उष्णतेत रूपांतर होते. म्हणजे 'धक्काशोषक' हे नाव थोडे फसवेच आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. तेलाची नळी शोषते ती उसळी. गॅरेजात मात्र दोन्हींना मिळून 'शॉकअप' म्हणतात आणि तेथे कोणाची गफलत होत नाही.

आपल्या राज्यात हा भाग नवा नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया ही कंपनी चाकण आणि नाशिक येथील कारखान्यांत वाहनांचे शॉकअप बनवते. तीच रचना खेळण्याच्या आकारातही उतरली. १९८४ मध्ये अमेरिकेतील असोसिएटेड या कंपनीने रेडिओवर चालणारी 'आरसी १०' ही छोटी गाडी बाजारात आणली. तिला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे, तेल भरलेले शॉकअप होते. अशा गाड्यांच्या शौकिनांना चांगल्या शॉकअपचे वेड लागले ते बहुधा तेव्हापासूनच.

भाच्याकडेही असा एक रेडिओचा ट्रक आहे. खऱ्या ट्रकच्या एकदशांश आकाराचा आणि वजनाने जेमतेम दोन किलोंचा. त्याच्या मूळच्या प्लास्टिकच्या शॉकअपमध्ये तेल नव्हतेच, फक्त स्प्रिंग होत्या. मैदानावर ट्रक बेडकासारखा उड्या मारी. दीड महिन्याची बचत घेऊन भाचा दुकानात गेला आणि "सर्वांत कडक असतील ते द्या," म्हणाला. लालचुटुक, चकाकणारे चार शॉकअप घेऊन तो परतला. तिसऱ्या दिवशी, ज्या प्लास्टिकच्या पट्टीला ते वरून जोडले होते ती पट्टीच तडकली.

असे का झाले असेल? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबून विचार करा.

स्प्रिंग ट्रकच्या वजनाच्या मानाने फारच कडक होती. दोन किलोंच्या भाराने ती दबेना. चाक वर उचलले जाण्याऐवजी प्रत्येक आघात थेट सांगाड्यात शिरू लागला. पूर्वीची प्लास्टिकची नळी थोडी लवत असे. धातूची लवली नाही आणि जो भाग सर्वांत दुबळा होता तोच मोडला. त्यातच नवे शॉकअप मूळच्यापेक्षा लांब होते. ट्रक हवेत गेला, की चाके प्रमाणाबाहेर खाली लोंबत आणि चाकाला गती देणारा दांडा आपल्या खोबणीतून निसटे.

मणिकर्णिकेला लागूनच शिंदे घाट आहे. बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधवलेला हा घाट स्वतःच्याच भाराने खचला होता, असे सांगतात. त्या बाजूला झुकलेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आम्ही नावेतून पाहिले, तेव्हा भाचा हसून म्हणाला, "यांनीही सर्वांत जड असेल तेच मागितलं असेल." घाटाच्या बांधणीचा असा निवाडा करणे उचित नव्हे. परंतु स्वतःच्या चुकीवर हसण्याइतका तो सावरला होता, याचे मला बरे वाटले.

दुसऱ्या खेपेला त्याने आधी मापे घेतली. जुन्या शॉकअपच्या दोन्ही टोकांच्या छिद्रांमधील अंतर मोजून त्याच लांबीचे नवे घेतले. स्प्रिंग मऊ निवडली. बॅटरी बसवून ट्रक सपाट जमिनीवर ठेवला, की चाकांना धरणारे आडवे हात साधारण जमिनीशी समांतर राहावेत, हा त्याचा निकष होता. शॉकअपवरचे कडे फिरवून ही उंची थोडीफार बदलता येते. मात्र कडे आवळल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज चुकीचा आहे. त्याने केवळ गाडी उचलली जाते.

राहिला प्रश्न तेलाचा. अशा शॉकअपमध्ये सिलिकॉनचे तेल घालतात. गॅरेजातले इंजिनाचे तेल फुकट मिळत असले, तरी ते घालू नये. आतल्या रबरी कड्या फुगून बिघडू शकतात. तेलाचा दाटपणा बाटलीवर दोन पद्धतींनी छापतात. एक 'वेट' आणि दुसरी 'सेंटिस्टोक'. ३० वेटचे तेल साधारणपणे ३५० सेंटिस्टोकच्या आसपास असते. पण वेटचा आकडा प्रत्येक कंपनीगणिक थोडा बदलतो; म्हणून तुलना करायची ती सेंटिस्टोकची. तेल फार दाट असेल किंवा दट्ट्याची छिद्रे फार बारीक असतील, तर जोराच्या धक्क्याला तेल वेळेत पलीकडे जात नाही. शॉकअप दगडासारखा आखडतो आणि पुन्हा पट्टी तडकण्याची वेळ येते. तेल पातळ असेल, तर पुन्हा बेडूकउड्या. उन्हाने तेल पातळ होते, हेही ध्यानात असावे.

तेल भरल्यावर भाच्याने दट्ट्या सावकाश वरखाली केला, बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबला आणि मगच झाकण लावले. ही घाई न करण्याची सवय त्याला स्कूटरच्या पुढच्या शॉकअपने लावली आहे.

शेवटी त्याने ट्रक वीतभर उचलून ओट्यावर सोडला. ट्रक एकदाच खाली बसला, हळूच वर आला आणि स्थिर झाला. भाच्याने तो पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. "बघा मामा," तो म्हणाला, "गुडघे वाकले."