शनिवार-रविवारची सहल

प्रश्न : मुलगी म्युनिकला शिकते. विद्यार्थ्यांच्या ग्रुपबरोबर बसने प्रागला जायचं म्हणते. वेगळा व्हिसा लागेल का?
– एक आई, करंजाडे

उत्तर : नाही. जर्मनीचं निवास-परवाना कार्ड वैध असेल, तर इतर शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. चेकिया त्यातच येतो. पण पासपोर्ट आणि कार्ड, दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. सप्टेंबर 2024मध्ये जर्मनीने सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली, त्यामुळे खरी कसोटी परतताना. कार्ड नूतनीकरणाला दिलं असेल, तर तात्पुरत्या कागदावर परत प्रवेश मिळेल का, हे तिने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात आधी विचारावं. ग्रुपमधल्या मित्रांचं ऐकून निघू नये. हाच ग्रुप उद्या लंडनला निघाला, तर मात्र वेगळा व्हिसा. बाकी, जाऊ द्या खुशाल! प्रागमध्ये युरो नव्हे, कोरुना चालतो, एवढं सांगा.